गिरणीच्या गाडीचा मागचा एक्सल

बोरखडी, ता. आर्णी
४ नोव्हेंबर २०२५

धम्मा,

जयभीम. फोन तीन डाव केला. तुह्या दुकानात लेथ खडखड करत असते, तू पलीकडून "हव ताई, हव ताई" म्हणतं अन् मंग सांगतल्याच्या उलटंच करून ठेवतं. म्हणून आता कागदावर लिहून राह्यली. गोपाल रोज टेंपो घेऊन लोहाऱ्याले येते, त्याच्या हाती उत्तर देजो. तेही कागदावरच. बचत गटाच्या बायाईले दाखवा लागते.

गिरणीची गाडी मोडली. रविवारी वरच्या तांड्यावर दळण करून उतरत होतो. तो खडकाचा उतार तुले माहीत आहे, जिथं पुढच्या चाकाईलेही जोर द्यावा लागते. मागून कट्ट आवाज आला. मले वाटलं दगड उडाला. आरशात पाह्यते तं डावं मागचं चाक ड्रमासकट, शाफ्टाच्या तुकड्यासकट बाहेर निंगून राह्यलं! पाह्यता पाह्यता सुटलं अन् आमच्या आधी नाल्यात जाऊन पडलं. गाडी डाव्या कुशीवर टेकली. गिरणीचे दगड शाबूत आहेत, इंजिनही ठीक आहे. कोणाले लागलं नाही.

वरच्या तांड्याचे पूनमसिंग काका आले. तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. खाली वाकून पाह्यलं अन् म्हणे, "बाई, नुसती शाफ्ट बदलून भागत नाही. दोन चाकाईच्या मधातली नळीच वाकली. मागचा एक्सल पुराच नवा पाहा लागन."

आता ऐक. कापसाची वेचणी जोरात आहे. बाया उजाडल्यापासून वावरात असतात. दळाले आर्णीले जाव तं अर्धा दिवस जाते अन् मजुरी बुडते. चार तांडे अन् दोन पोड, इतक्या वस्त्या आपल्या गाडीच्या भरवशावर आहेत. अन् इकडे महागावचा एक माणूस गिरणी इंजिनासकट मागून राह्यला. मावशी म्हणे, "तीस तारखेच्या बैठकीपर्यंत गाडी चालू झाली तं ठीक, नाही तं इकून टाकू. उभी गाडी गंजवाले आपण कोण सावकार लागून गेलो?" तुही आई आहे, अध्यक्षही आहे, तिचा शब्द तुले माहीत आहे.

बारा बायाईनं दोन वर्षं पै-पै जमवून घेतलेली गाडी आहे ते. कोणता एक्सल घ्याचा ते लवकर सांग.

तुही ताई
दीपमाला


लोहारा
६ नोव्हेंबर

ताई,

जयभीम. तुहं पत्र म्हणजे पोलिसाचा पंचनामा झाला. दुकानात वाचलं तं सगळे मिस्त्री हसले.

पहिले एक सांग, मागं पोते किती होते? गाडीवर आधीच गिरणी, इंजिन, डिझेलची टाकी. त्याच्यावर तुम्ही बाया दळणाचे पोते टाकता, अन् ते सारं वजन मागच्या चाकाईच्याही मागं लोंबते. लोखंड बिचारं किती सहन करन? अन् उतारावर तू ब्रेक कसा मारतं ते मी पाह्यलं आहे. रागावू नको, पण गाडी काही म्हैस नाही, ढोसली की चालली.

आता एक्सल. कंपनीचा नवा येत नाही, ते मॉडेलच बंद झालं. मंग दोनच रस्ते. एक, तसाच साधा एक्सल जुन्या बाजारातून. आठ दिवसात मिळते, सरळ बसते. दुसरा, जड गाडीचा, ज्याले फ्लोटिंग म्हणतात. तो बसवाले स्प्रिंगच्या पाट्याच्या बैठका सरकवा लागतात, वेळ जाते, डोकं जाते. तुमच्या गिरणीले तेवढा कायले पाहिजे? साधा घ्या अन् मोकळे व्हा.

पण एक गोष्ट महत्त्वाची. तुमची गाडी चारही चाकं ओढणारी. पुढच्या अन् मागच्या एक्सलचे दाते एका हिशेबाचे पाहिजेत. नाही तं पुढचे चाकं एक म्हणतीन अन् मागचे दुसरं, अन् मधातला गिअरबॉक्स फुटन. जोडीत एक बैल चालते अन् एक पळते, तसं. म्हणून पुढचं मोजून पाठव. चाक उचल, टायरवर खडूची खूण कर, चाकाची एक पूर्ण चक्कर मार, अन् खालचा लांब दांडा किती चकरा मारते ते मोज.

अन् मोडलेल्या शाफ्टाचे तुकडे गोपालजवळ देऊन दे. दोन्ही. इकडे भंगारात टाकतो, तिथं कोणाच्या पायात येतीन.

तुहा
धम्मरत्न


बोरखडी
९ नोव्हेंबर

धम्मा,

हासले मिस्त्री? हासू दे. त्याईले म्हणा एक दिवस डोक्यावर पायली ठेवून तांड्यावरून आर्णीले चालून दाखवा, मंग हासा.

पोते चार होते. चार! वहीत लिहिलेले आहेत. आठ पोते घेऊन ते गाडी पावसाळ्यात चढली, तव्हा काहून नाही मोडली? अन् ब्रेकचं म्हणशीन तं दहा महिन्यात एकदाही गाडी कोणाले घासली नाही. तुही मोटरसायकल किती डाव नालीत गेली ते मी मावशीले अजून सांगतलं नाही, ध्यानात ठेव. लोखंड बिचारं म्हणे. माणसाचा कळवळा नाही अन् लोखंडाचा आला.

मोजलं. आमच्याजवळ जॅक एकच आहे, त्यानं पुढचं उजवं चाक उचललं. विमलताईनं चाक फिरवलं, मी गाडीखाली चिखलात पडून दांड्याकडे पाह्यलं. पाच डाव मोजलं. चाकाच्या एका चकरीले दांड्याच्या दोन चकरा पुऱ्या अन् वरून थोडी. पाची डाव तेवढंच आलं. विमलताईच्या हाताले फोड आले.

तुकडे पाठवत नाही. गटाचा माल आहे, बैठकीत इचारल्याशिवाय देता येत नाही. भंगारवाला इथंही येते. पायात येऊ नये म्हणून उचलून ठेवले. तुले त्या तुकड्याचं एवढं काय पडलं?

अन् साधा का फ्लोटिंग, हे तू एका ओळीत उडवून लावलं. फरक काय ते नीट लिही. बाया इचारतात, मले सांगता येत नाही. "भावाले माहीत आहे" एवढंच सांगते.

काल खालच्या पोडावरच्या दोन म्हाताऱ्या चालत आल्या, दळण घेऊन. ओढून आणलेली गाडी विटांवर उभी पाहून तसंच गाठोडं उचलून परत गेल्या. मले लय वाईट वाटलं.

दीपमाला


लोहारा
१३ नोव्हेंबर

ताई,

जयभीम. गोपालच्या टेंपोत एक्सल पाठवून राह्यलो. उतरवाले चार माणसं लागतीन.

तुह्या मोजण्याचं काय सांगू! दोन चकरा कोणत्याच गाडीच्या नसतात. जगात नसतात. विमलताई मधात बोलत असतीन अन् तू चुकलं असशीन. म्हणून मी अंदाजानं घेतला. हा साडेतीनवाला आहे, बहुतेक गाड्याईले हाच असते. साधाच आहे, पहिल्यासारखा. आर्णीचा कोणताही मिस्त्री एका दिवसात बसवून देईन.

फरकाचं काय लिहू, ते मिस्त्रीच्या कामाचं आहे. बायाईले सांग की धम्मरत्ननं सांगतलं, बस. आईले सांग की तीस तारखेच्या आत गाडी चालू होते.

तुकडे काहून नाही पाठवले? परत येताना गोपालजवळ देजो. मी त्याले बोलून ठेवलं आहे. पाहाले पाहिजेत मले, कुठून तुटली ते कळते.

कामाची घाई आहे, एवढंच.

धम्मरत्न


बोरखडी
१६ नोव्हेंबर

धम्मरत्न,

पूर्ण नाव लिहिलं म्हणजे समजून जा.

तुहा एक्सल आला. चार माणसं मिळाले नाहीत, सारे वावरात. आम्ही सात बायाईनं उतरवला. उतरवल्यावर मी पहिले मोजला. दोन्ही टोकं मोकळी होती, संगंच फिरवली. साडेतीन चकरा, तू म्हणतं तेवढ्याच. मंग मी ओट्यावर बसून इचार करत राह्यली की माह्या दोन कुठून आल्या. पाच डाव मोजलेलं चुकते कसं?

पूनमसिंग काकाले इचारलं. त्यांनी एकच प्रश्न केला: "बाई, दुसरं चाक कुठी होतं?" जमिनीवर होतं! एक चाक जमिनीनं धरून ठेवलं तं दुसऱ्याची चक्कर अर्धीच दांड्यावर जाते. माह्या दोन अन् थोडी म्हणजे खऱ्या चार अन् थोडी. मंग काकाचा जॅक आणून दोन्ही चाकं उचलली, दोघींनी संगंच फिरवली. चार अन् थोडी. आमचं मोजणं बरोबर होतं, धम्मरत्न. तुहंच सांगणं अर्धं होतं. "चाक उचल" लिहिलं तुनं. "दोन्ही चाकं" लिहाले शाई सरली होती का?

अन् समजा तुले शंका आली, तं इचारता येत नव्हतं? एका ओळीची चिठ्ठी. पण नाही. बाया मोजतीन तं चुकतीनच, असं धरून चाललं. हा साडेतीनवाला आम्ही बसवला असता तं पहिल्याच चढावर गिअरबॉक्स फुटला असता, अन् मंग तूच म्हटलं असतं की पोते किती होते. तुहा एक्सल अंगणात पडला आहे, कोंबड्या बसतात त्याच्यावर. गोपालच्या टेंपोत परत पाठवून देते.

चौदा दिवस झाले. महागावचा माणूस काल पाहून गेला. गिरणीच्या दगडावर हात फिरवून पाह्यला त्यानं. मले इतका राग आला की चहाही नाही इचारला.

आता माही चूक. पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. लागलं होतं. आपल्या गटातली ममता मागं बसलेली होती. गटाचा नियम आहे, मागं माणूस बसवाचा नाही. तो नियम मीच लिहिला होता. पण दिवसभर वेचणी करून ते तांड्यावर दळणाच्या मदतीले आली होती, पाय उचलत नव्हते तिचे, म्हणून मी म्हटलं बस. चाक निंगालं तव्हा ते फेकल्या गेली. उजव्या हाताचं मनगट मोडलं. पलस्तर आहे. ऐन वेचणीत घरी बसली, अन् मी जाते तं मलेच म्हणते, "ताई, गाडीचं काय झालं?"

बुधवारच्या बैठकीत मी सांगून टाकलं. मावशी जे बोलली ते बोलली, मी ऐकून घेतलं. पाच मिनिटाचं बोलणं होतं, दहा दिवस उराशी घेऊन फिरली.

आता तू सांग. साधा का फ्लोटिंग, अन् काहून. खरंखरं लिही.

दीपमाला


लोहारा
२१ नोव्हेंबर

ताई,

जयभीम. चार दिवस गोपाल माह्या दुकानासमोर हॉर्न वाजवून रिकामा गेला. लिहिणं होत नव्हतं. दोन कागद फाडले.

ममताचं मले माहीत नव्हतं. तुनं कोणाले लागलं नाही लिहिलं अन् मी त्या एका ओळीवर झोपत होतो.

ते शाफ्ट नवी नव्हती. जानेवारीत तीन तारखेले गाडीचं उद्घाटन ठरलं होतं. सावित्रीबाईची जयंती, मंडप टाकला, पत्रिका छापल्या, आई रोज फोन करे. माह्या दुकानात गाडी जोडताना डाव्या शाफ्टाले चीर दिसली. नवी शाफ्ट मांगवली तं वेळेवर आली नाही. मी चिरेवर वेल्डिंग मारलं, लेथवर घासून गुळगुळीत केलं, रंग देला अन् बसवली. शाफ्टाले वेल्डिंग मारत नसतात, हे दुकानातलं कोणतंही नवं पोट्टंही सांगन. मी म्हटलं आठ दिवसानं बदलून देऊ.

नवी शाफ्ट महिन्यानं आली. दुकानातच पडली होती. गाडी चालत होती, तुहे फोन येत, "धम्मा, आज दोन तांडे केले, आज पोडावर गेलो," अन् मीही चालू देली. मंग एक दिवस दुसऱ्या गिऱ्हाइकाले तशीच शाफ्ट पाहिजे होती, मी त्याले देऊन टाकली. इसरलो नव्हतो, ताई. रोज आठवत होतं. नंतर नंतर आठवणं कमी झालं.

म्हणून तुकडे मागत होतो. पोत्याचं, ब्रेकचं सारं त्याच्यासाठीच लिहिलं.

आता तुहं उत्तर. साध्या एक्सलात शाफ्ट चाक फिरवते अन् गाडीचं वजनही उचलते. ते तुटली की चाक घेऊन जाते, तुमचं गेलं तसं. फ्लोटिंगमधी वजन नळी उचलते, चाक नळीवर बसलेलं असते, अन् शाफ्ट नुसती फिरवाले. तुटली तं गाडी जागच्या जागी थांबते, चाक कुठी जात नाही. खडकावर, माणसं ज्या रस्त्यानं पायी चालतात तिथं, फ्लोटिंगच पाहिजे. हे मले पहिल्या दिवशीच माहीत होतं. साधा लवकर बसला असता अन् जुन्या एक्सलासंगं तुकडेही लवकर हाती आले असते, म्हणून साधा साधा करत राह्यलो.

एक फ्लोटिंग पाह्यला आहे, जड पिकअपचा. खोलून दाते मोजले, चार अन् थोडीच आहे, तुह्या मोजण्याले बरोबर जुळते. रुंदीही जुळते. पाट्याच्या बैठका मी सरकवून घेतो. दोन्ही शाफ्टा नव्या, डब्यातल्या. खर्च माह्या घरून.

एकच मागतो. हे पत्र बैठकीत वाचू नको. आईनं सगळ्याईले सांगतलं होतं की माह्या पोरानं जोडली गाडी, डोळे मिटून बसा. तिच्यासमोर हे वाचलं तं मी गावात कोणत्या तोंडानं येऊ?

धम्मा


बोरखडी
२३ नोव्हेंबर

धम्मा,

जयभीम.

मले माहीत होतं. सात तारखेपासून. पूनमसिंग काकानं नाल्यातून चाक काढून आणलं अन् तुकडा माह्यासमोर ठेवला. तुटलेल्या तोंडावर कडेनं वेल्डिंगचा थर चक्क दिसत होता, मेणबत्तीच्या ओघळासारखा, अन् आत जुना गंज. काका म्हणे, "बाई, हे कोणी केलं?" मी म्हटलं माहीत नाही. माह्या तोंडून तुहं नाव निंगालं नाही.

मी वाट पाहत होती. म्हटलं या पत्रात लिहीन, त्या पत्रात लिहीन. तू पोत्यावर लिहिलं, ब्रेकवर लिहिलं, विमलताईच्या बोलण्यावर लिहिलं. तुहं दुसरं पत्र वाचून मी चुलीपुढं बसून रडली. तुले लहानपणी मी कडेवर घेऊन फिरली, अन् तू मले म्हणतं तुले मोजता येत नाही! इतकी चीड कधी कोणाची आली नव्हती. अजून आहे. तू खरं लिहिलं म्हणून ते लगेच जात नसते.

शाफ्ट तुटली याचा राग कमी आहे. घाई होती, मंडप होता, मावशीचे फोन होते, मी समजू शकते. पण नवी शाफ्ट तुह्या दुकानात पडली होती अन् तुनं ते दुसऱ्याले देली. ममतानं हात मोडून घेतला. ते चाक आमच्या आधी नाल्यात गेलं. त्या वेळी खालून कोणी दळण घेऊन चढत असतं तं?

तुहं पत्र मी बैठकीत वाचणार नाही. तू सांगशीन. तोंडानं, मावशीसमोर अन् ममतासमोर. माह्यावर ढकलू नको, मी माही चूक सांगून बसली आहे, तिथं एक जागा रिकामी आहे.

फ्लोटिंगच घेऊ. बाया तयार आहेत, मी फरक समजावून सांगतला, तुह्याच शब्दात. विमलताई म्हणे, "म्हणजे तुटलं तरी चाक घरच्यासारखं राह्यते, सासरी जात नाही." मावशी पहिल्यांदा हासली. शुक्रवारी अठ्ठावीस तारखेले एक्सल घेऊन ये. आर्णीच्या मिस्त्रीकडे नाही, इथं विहाराच्या अंगणात बसवाचा, आमच्या डोळ्यासमोर. शाफ्टाचे डबे तिथं आल्यावर फोडाचे, आधी नाही. पुढची अन् मागची चक्कर आम्ही मोजू. दोन्ही चाकं उचलून.

शनिवारी सकाळी गाडी वरच्या तांड्यावर जाईन. दळणाचा निरोप मी देऊन ठेवला आहे, बाया वाट पाहतीन. नीट उतरून आली तं रविवारी मावशी महागाववाल्याले नाही म्हणून सांगन. गटाचं ठरलं आहे.

गाडी मी चालवीन. गटाचा नियम एका दिवसापुरता बाजूले ठेवला आहे, बारा जणींच्या सह्या घेऊन. उतरताना तू मागं बसशीन, डाव्या अंगाले, पिठाच्या पोत्यावर, जिथं ममता बसली होती. तिथं धराले काही नाही.

तुही ताई
दीपमाला